पोस्टानं शिकलेली कमर्शियल आर्ट : कोणी केला होता असा कोर्स?

दारव्हेकर | ४ जून, रात्री ९:४०

पावसाळ्याआधी कवेलू फेरायला घेतले म्हणून माळा रिकामा केला. तिथं माझी जुनी पत्र्याची पेटी सापडली. आत पोस्टल कोर्सचे पाठ. निम्मे उधईनं खाल्ले, उरलेले पिवळे पडलेत, पण वाचता येतात.

१९८६ साली मी १९ वर्षांचा होतो. बारावीत गचकलो होतो आणि बापाच्या सहा एकरांत पऱ्हाटी वेचत होतो. एका साप्ताहिकाच्या मागच्या पानावर जाहिरात होती, ‘घरबसल्या कमर्शियल आर्ट शिका’. चौकटीत बाईचा चेहरा छापलेला. तो काढून पाठवायचा, मग ते तुमची पात्रता तपासणार. मी पाठवला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं की तुमच्यात उपजत गुण आहेत. गावभर दाखवत फिरलो. ते पत्र सगळ्यांनाच येतं हे फार उशिरा कळलं.

फी हप्त्यानं, मनीऑर्डरनं. एकूण २० पाठ. प्रत्येक पाठाला एक छापील पुस्तिका आणि शेवटी काम दिलेलं. चित्र काढायचं, पाठवायचं, ते दुरुस्त होऊन परत येणार. आमचं पोस्ट म्हणजे गावातल्याच एकाच्या ओसरीतलं टेबल, आणि पोस्टमन आठवड्यातून तीनदा सायकलनं येणार. पहिलं चित्र दुरुस्त होऊन आलं तेव्हा त्यानं लिफाफा मधोमध दुमडून थैलीत कोंबला होता. चित्राच्या बरोब्बर नाकावर घडी. पुढच्या वेळी पुठ्ठा लावला, तोही वाकवला. शेवटी बापानं विहिरीवरच्या मोटरचा उरलेला पीव्हीसी पाइप हातभर कापून दिला. चित्र गुंडाळून आत घालायचं, दोन्ही तोंडांना कापड बांधायचं. पोस्टमास्तर म्हणाले, “यात काय सिंचन पाठवतोस का मुंबईला?”

आता मुद्द्याचं. तिसऱ्या पाठाला घरातलं एखादं गोल भांडं नुसत्या रेघेत काढायचं होतं. मी धान्य मोजायची पायली काढली. वरचं तोंड लंबगोल काढलं आणि बुडाची रेघ सरळ. पायली जमिनीवर सपाट बसते, म्हणजे बूड सरळच, नाही का? चित्र परत आलं तेव्हा त्यावर ट्रेसिंग पेपर चिकटवलेला होता, वरच्या कडेला दोन बोटं डिंक. त्यावर लाल पेन्सिलीनं माझीच पायली पुन्हा काढली होती. बूड गोलाईत, आणि तोंडापेक्षाही जास्त गोल. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की भांडं डोळ्याच्या खाली आहे, जितकं खाली जाल तितका लंबगोल उघडत जातो. खाली सही म्हणून नुसता एक वळसा. तो माणूस कोण, बाप्या की बाई, मला आजपर्यंत माहीत नाही.

मी तो ट्रेसिंग पेपर उचलायचो, खाली ठेवायचो. उचलला की माझी पायली, ठेवला की त्याची. रात्री कंदिलापाशी बसून किती वेळा केलं असेन.

विचारायचं कारण असं की माझ्या बहिणीची मुलगी, नेर तालुक्यात असते, तिनं आता दहावी केली. हात चांगला आहे. तिला जाहिरातीचं, पुस्तकातलं चित्रकाम शिकायचंय. घरचे नागपूरला ठेवायला तयार नाहीत. मोबाईल आहे. पोस्टानं असं शिकवणारं आता कोणी आहे का? तिला काय सांगू?

पऱ्हाटी | ४ जून, रात्री १०:१५

काय सांगू बाप्पा, थे ‘उपजत गुण’ वालं पत्र मलेबी आलतं! म्या बैलाचं चित्र धाडलं होतं. आमचा बुढा म्हणे, पाच पाय काहून काढले बे? म्या म्हटलं, पाचवी शेपटी हाय. त्याच्यावर मुंबईहून उत्तर, तुमच्यात गुण हायेत. बुढा म्हणे, हे लोक पैसे घेतल्याबिगर सोडत नाहीत. पैसे भेटले नाहीत म्हणून वाचलो.

वाशीमची_ताई | ५ जून, दुपारी २:०५

दारव्हेकर भाऊ, तुमचा ट्रेसिंग पेपर वाचून अंगावर काटा आला. माझेही आहेत, गोदरेजच्या कपाटात सासूबाईंच्या पैठणीखाली.

मी १९९१ साली, लग्नानंतर केला. रिसोडकडचं खेडं. लिफाफे मिस्टरांच्या नावानं मागवायचे, कारण सुनेच्या नावानं दर महिन्याला मुंबईहून जाड पाकीट येणं बरं दिसलं नसतं. सासूबाईंना वाटायचं एलआयसीचं काही आहे. त्या आपणहून कधी विचारत नव्हत्या, मीही सांगितलं नाही.

मी मुलांची चित्रं फार काढायचे. मला वाटायचं माझी मुलं छान येतात. नवव्या पाठाला शाळेत जाणारी तीन मुलं काढून पाठवली. ट्रेसिंग पेपरवर लाल पेन्सिलीनं त्यांच्या शेजारी नुसत्या आडव्या रेघा मारलेल्या, डोक्याच्या मापाच्या. मोठा माणूस म्हणजे साडेसात डोकी. पाच वर्षांचं पोर म्हणजे साधारण साडेपाच डोकी. माझी पोरं सात डोक्यांची होती, नुसती छोटी करून काढलेली. शेरा असा की ही मुलं नाहीत, हे बुटके म्हातारे आहेत, दफ्तर घेऊन पेन्शन आणायला चाललेत. दोन दिवस रडले. मग माझ्याच पोराला भिंतीशी उभं केलं आणि वाटीनं डोकं मोजलं. बरोबर निघालं.

कोर्स पूर्ण केला नाही, बाराव्या पाठावर दुसरं बाळंतपण आलं. पण तेवढ्या शिदोरीवर पुढं नऊ वर्षं बालवाडीच्या वह्यांची चित्रं काढली. ‘आ’ आंब्याचा, ‘ग’ गवताचा. चित्रावर पैसे. सगळ्यात जास्त मागणी कशाला असेल सांगा? ‘ण’ला. बाणाच्या टोकावर ‘ण’ दाखवायचा म्हणून किती बाण काढलेत!

शाईचा_डाग | ५ जून, रात्री ८:३०

अकोल्याला आमची प्रेस होती, आता मुलगा चालवतो. मी दुसऱ्या बाजूनं सांगतो, म्हणजे चित्र घेऊन येणाऱ्यांच्या नव्हे, ते छापणाऱ्यांच्या.

पोस्टानं शिकलेली मुलं आमच्याकडे यायची आणि कॉलेजात शिकलेलीही यायची. खोटं कशाला बोलू, छपाईच्या बाबतीत पोस्टवाले पुष्कळदा पुढे असायचे. त्यांच्या पुस्तिकेत ब्लॉक, म्हणजे छपाईचा धातूचा ठसा, कसा होतो हे पहिल्या पाच पाठांतच असायचं. कॉलेजवाली मुलं सुंदर राखाडी वॉश देऊन चित्र आणायची आणि म्हणायची, पत्रिकेवर छापा. अहो, लाइन ब्लॉकला राखाडी कळतच नाही. जस्ताच्या पत्र्यावर निगेटिव्हनं चित्र उतरवायचं, मग नायट्रिक ॲसिडमध्ये पत्रा टाकायचा. जिथं रेघ नाही तिथलं जस्त ॲसिड खाऊन टाकतं, रेघ तेवढी उंच राहते आणि तिला शाई लागते. एक तर शाई लागते किंवा लागत नाही. मधलं काही नाही. राखाडी हवा असेल तर रेघांचं जाळं नाहीतर ठिपके द्या, किंवा हाफटोन करा, म्हणजे चित्र लहान-मोठ्या ठिपक्यांत फोडा. आणि वर्तमानपत्राच्या कागदावर हाफटोन म्हणजे ६५ चा स्क्रीन, इंचाला ६५ ठिपके, बाईच्या गालावर देवीचे व्रण आल्यासारखं दिसायचं.

दुसरी गोष्ट लाल-निळ्याची. ब्लॉकच्या कॅमेऱ्यातल्या फिल्मला फिका निळा दिसत नाही आणि लाल काळा दिसतो. म्हणून कच्चं आखायचं ते फिक्या निळ्या पेन्सिलीनं, खोडायची कटकट नाही. एकानं लाल पेन्सिलीनं मापं लिहून चित्र दिलं होतं. ब्लॉक तयार झाला तर गणपतीच्या पोटावर ‘३ इंच’.

तिसरी, लहान करण्याची. चित्र छापायच्या मापाच्या दीडपट किंवा दुप्पट काढायचं, म्हणजे लहान होताना हाताची थरथर मरते. पण रेघाही निम्म्या होतात हे लोक विसरतात. बारीक जाळी काढली तर लहान झाल्यावर तिच्यात शाई भरते आणि काळा गोळा उमटतो. माप काढायची सोपी युक्ती म्हणजे चित्राच्या चौकटीला कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी रेघ मारायची. त्या रेघेवर कुठंही थांबून चौकट पूर्ण केली की प्रमाण तेच राहतं. गणित नाही, काही नाही. ब्लॉकचे पैसे चौरस इंचावर, त्यामुळे गिऱ्हाईक आधी माप विचारायचं, चित्र मागाहून.

चिखली_स्टँड | ६ जून, सकाळी ७:५०

सगळे गोड आठवणी सांगत आहात, माझी कडू घ्या. मी ज्या संस्थेचा कोर्स घेतला तिचं नाव घेत नाही. पूर्ण फी एकदम भरली तर रंगाची पेटी फुकट, अशी स्कीम होती. सोयाबीनचे पैसे आले होते, भरले. रंगाची पेटी आली. आठ पाठ आले. नववा आलाच नाही. तीन पत्रं टाकली, चौथं ‘पत्ता सोडून गेले’ शेरा मारून परत आलं. माझी दोन चित्रं तिकडंच राहिली, त्यातलं एक आजीचं होतं. पैशाचं जाऊ द्या, ते चित्र मिळालं असतं तर बरं झालं असतं.

त्या पोरीला सांगा, कोणताही कोर्स घे पण एकदम पैसे भरू नको. पाठ आला की पैसे. आता ऑनलाइनवालेही ‘आजच भरा, निम्म्या किमतीत’ करून तेच करतात.

पऱ्हाटी | ६ जून, सकाळी ८:३०

चिखलीवाले दादा, निरा वाईट झालं हे. आजीचं चित्र पुन्हा काढलं का नाही मंग?

चिखली_स्टँड | ६ जून, सकाळी ८:४२

काढायला बसलो होतो. तोवर आजी नव्हती.

खडू_फळा | ६ जून, रात्री ९:२०

चित्रकला शिक्षक, यवतमाळ जिल्हा, निवृत्त. जुन्या आठवणी छान आहेत, पण पोरगी आजची आहे, म्हणून कामाचं बोलतो.

तिनं शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या आहेत का? एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट. दिल्या नसतील तर आधी त्या द्या. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, ज्याला तुम्ही कमर्शियलचा पाया म्हणता तो त्यातच आहे. अक्षरलेखनाला मुलं नाकं मुरडतात आणि पुढं तेच लागतं. मग बारावी, मग राज्याची कला सीईटी ही प्रवेश परीक्षा, आणि चार वर्षांची बीएफए ही पदवी, उपयोजित कला म्हणजे कमर्शियल आर्ट घेऊन. नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, मुंबईलाच गेलं पाहिजे असं नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ साली सुरू झाला, तेव्हापासून हा रीतसर शिकायचा विषय आहे. दोन वर्षांत घरच्यांचं मनही वळेल.

पोस्टल कोर्सबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पदवी नाही, नोकरीला धरत नाहीत. आमच्या वेळी निम्म्या मुलांना त्यातून एवढंच मिळालं की दलाल-मुळगावकर या चित्रकारांची मुखपृष्ठं चौकोन आखून नक्कल करायची. दिवाळी अंक आला की मुखपृष्ठ फाटलंच समजा.

वाशीमची_ताई | ६ जून, रात्री १०:००

सर, नक्कल मीही केली आणि मला तिची लाज वाटत नाही. मुळगावकरांच्या बाईच्या गालावरचा उजेड कसा येतो हे शोधताना मी तीन दिवाळ्या घालवल्या. ते ब्रशचं काम नसून फवाऱ्याचं आहे हे कळलं तेव्हा हसू आलं. दात घासायच्या ब्रशनं चाळणीवरून रंग उडवून पाहिला. भिंत खराब झाली.

पदवीचं तुमचं बरोबर आहे. पण माझ्यापुढं नागपूर की पोस्ट असा सवालच नव्हता. पोस्ट की काहीच नाही, असा होता.

पुसद_ते_पुणे | ७ जून, रात्री १२:३५

मी या धाग्यावर बहुतेक सगळ्यात लहान. पुण्यात एका स्टुडिओत इलस्ट्रेटर आहे, लहान मुलांची पुस्तकं आणि पॅकेजिंग.

ट्रेसिंग पेपरवर दुरुस्तीची ही पद्धत कुठून आली ते थोडं माहीत आहे. अमेरिकेत १९४८ मध्ये अल्बर्ट डॉर्न नावाच्या चित्रकारानं पोस्टानं शिकवणारी फेमस आर्टिस्ट्स स्कूल काढली, नॉर्मन रॉकवेल हा नावाजलेला चित्रकार त्यात होता. विद्यार्थ्याच्या चित्रावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर दुरुस्ती, सोबत पत्र. त्याच्याही आधीची मिनियापोलिसची एक शाळा होती, १९१४ पासूनची. स्नूपी हा कार्टूनमधला कुत्रा काढणारा चार्ल्स शुल्झ तिचाच पोस्टल विद्यार्थी. वडील केस कापायचं दुकान चालवायचे. पुढं तो त्याच शाळेत लोकांची चित्रं दुरुस्त करायला नोकरीला लागला. ताई, हे तुमच्यासाठी : विद्यार्थी असताना त्याला ‘मुलांची चित्रं’ या भागात सी प्लस मिळाला होता. पुढं आयुष्यभर त्यानं मुलंच काढली.

आता भाचीबद्दल. व्हिडिओ ढीगभर आहेत, फुकट आहेत, आणि मी त्यांवरच सुरुवात केली. पण मी तीन वर्षं हात चुकीचे काढत होतो आणि एकाही व्हिडिओनं मला थांबवलं नाही. व्हिडिओला माझं चित्र दिसत नाही ना. पहिल्या नोकरीत आर्ट डायरेक्टरनं माझ्या फाइलवर वरचा लेअर घेऊन लाल रंगानं मनगट सरकवलं, तेव्हा कळलं. तुमचा ट्रेसिंग पेपर तो हाच. तिच्यासाठी शोधायचा तर दुरुस्ती करून देणारा माणूस शोधा, शिकवणारा नव्हे.

एआयचं कोणी विचारायच्या आत सांगतो : हो, स्वस्तातली कामं गेली. गणपती, वधू-वर, शेतकरी कुटुंब हसताना, हे आता कोणी विकत घेत नाही.

दारव्हेकर | ७ जून, रात्री ९:१५

किती लिहिलंत सगळ्यांनी! आज शेतात सरी पाडायचं काम होतं म्हणून उशीर.

शाईचा डाग साहेब, तुमचं राखाडी वॉशचं वाचून हसलो, कारण तो गाढव मीच. सातवा पाठ, वर्तमानपत्रासाठी गावातला सण. मी पोळा काढला. तोरणाखाली उभे बैल, झुली, शिंगांना बेगड, मागं मारुतीचं देऊळ. काळ्या शाईत पाणी घालून असा काही धूळ-उजेड आणला की गावातले म्हातारे पाहायला आले. तिकडून परत आला तो एकाही लाल रेघेशिवाय. ट्रेसिंग पेपर कोरा, आणि त्यावर एकच ओळ : चित्र चांगलं आहे, छापता येणार नाही, पुन्हा करा. मला एवढा राग आला की पंधरा दिवस पाकीट उघडलं नाही. मग पुन्हा केला. धूळ दाखवायला ब्रश जवळजवळ कोरडा करून कागदावर घासला. बैलाच्या पाठीची गोलाई रेघा वळवून दाखवली, पायलीच्या बुडाची गोलाई तिथं कामाला आली. उन्हाळा होता. तुम्हाला माहीत आहे आपल्याकडचा मे. टाक दौतीतून काढून कागदापर्यंत नेईस्तोवर शाई सुकायची. पहाटे चारला उठून केला तो पोळा.

उशिराबद्दल एक सांगतो. लोक म्हणतात पोस्टाची वाट पाहण्यात गोडी होती. मला पटत नाही. तीन आठवड्यांत मी सरळ बुडाच्या चाळीस पायल्या काढून बसलो होतो. उत्तर येईपर्यंत चूक हातात मुरली, ती काढायला वर्ष गेलं. दुसऱ्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर बरंच झालं असतं.

कोर्स मी पूर्ण केला, प्रमाणपत्र उधईनं खाल्लं. सर म्हणतात तसं नोकरीला ते कोणी विचारलं नाही. दारव्ह्याच्या प्रेसला लग्नपत्रिकांचे गणपती दिले. जिनिंगला गाठींवर मार्क मारायचे स्टेन्सिल कापून दिले, जुन्या एक्स-रेच्या फिल्मचे, धुऊन घेतलेले. बियाण्याच्या कंपन्यांच्या भिंती रंगवल्या. कपाशीचं बोंड एवढं फुटलेलं काढायचो की तसं आमच्या वावरात कधी फुटलं नाही. मग फ्लेक्स आला आणि दोन वर्षांत ब्रश धुऊन ठेवले. त्याचं रडगाणं नको, शेती होतीच.

पुसदचे भाऊ, दुरुस्त करणारा शोधायचा कुठं, तेच तर विचारतोय.

शाईचा_डाग | ७ जून, रात्री ९:५०

काम गेलं म्हणता, सगळं नाही गेलं. आमच्याकडे रोज बचत गटाच्या बाया येतात. वायगावची हळद, भिवापूरची मिरची, कुठं जवसाची चटणी. मोठ्या कंपनीसारखं छापील पाउच त्यांना परवडत नाही, कारण त्याला प्रत्येक रंगाचं वेगळं सिलिंडर बनवावं लागतं आणि मग हजारोंच्या संख्येनं छापावं लागतं. म्हणून साधं पाउच आणि वर लेबल. आणि लेबलवर काय? नेटवरून उचललेली हळद, जी सगळ्यांच्याच लेबलवर आहे. एक बाई मला म्हणाली, हे आमच्या हळदीचं गड्डं नाही, आमचं असं नसते. तिला तिच्या हळदीचं चित्र हवं होतं. काढणारं कोणी नव्हतं.

भाचीनं तेवढं शिकावं. आणि बारीक अक्षर चार रंगांत देऊ नये, नुसत्या काळ्यात द्यावं. छापताना केसाएवढं हललं की अक्षराला रंगीत सावली येते आणि वजन-किंमत वाचता येत नाही. चित्र ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चालणार नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. हे दिवसातून दहादा सांगतो.

वाशीमची_ताई | ८ जून, दुपारी १:३०

दारव्हेकर भाऊ, दुरुस्त करणारा माणूस कशाला शोधता? तिला म्हणावं महिन्याला दोन चित्रं मला पाठव. कागदावरचीच हवीत, फोटो नको, मला मोबाईलवर रेघ दिसत नाही. मी ट्रेसिंग पेपर लावून परत पाठवीन. फी नाही. पुसदचे भाऊ कॉम्प्युटरचं बघतील, सर परीक्षेचं. एकच अट, पहिलं चित्र मुलांचं नको. घरातलं भांडं काढू दे.

पुसद_ते_पुणे | ८ जून, दुपारी २:१०

चालेल. दर रविवारी एक फाइल, मी लाल लेअर टाकून त्याच रात्री परत करतो. चाळीस पायल्या होऊ देत नाही.

खडू_फळा | ८ जून, सायं. ६:००

परीक्षेचा फॉर्म शाळेतूनच भरायचा असतो. तिच्या शाळेचं नाव मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तिथले कलाशिक्षक ओळखीचे निघतील. आणि ताई, माझं मत मी बदललेलं नाही. पण कागद लावा.

दारव्हेकर | ९ जून, रात्री ८:४५

भाचीशी बोललो. ती भांडं काढायला बसली पण. ताई, तुमचा पत्ता व्यनितून मिळाला.

एक अडचण. तिनं तुमच्यासाठी ट्रेसिंग पेपरही सोबत पाठवायचा म्हटलं, फी नाही तर निदान कागद तरी आमचा. नेरला नाही, दारव्ह्यालाही तीन दुकानं फिरलो, कोणी ठेवत नाही. बेकरीवाल्याकडं बटर पेपर मिळाला. तो चालेल का?

वाशीमची_ताई | ९ जून, रात्री ९:०५

नको. पेन्सिल घसरते त्यावर, नानकटाईला ठेवा.

शाईचा_डाग | ९ जून, रात्री ९:२०

आमच्याकडे जुन्या प्लेटमेकिंगच्या वेळचं ट्रेसिंग पेपरचं अख्खं बंडल पडून आहे, मुलगा फेकायला निघाला होता. अर्धं ताईंना, अर्धं भाचीला. उद्या सकाळच्या यवतमाळ गाडीत एसटी पार्सलनं टाकतो. दारव्हा स्टँडवर उतरवून घ्या.

पऱ्हाटी | ९ जून, रात्री ९:२४

पायपात घालून धाडा बरं, नाईतर कंडक्टर घडी करन.